झऱ्यावर थांबवलेली मेंढरं

लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात मला कळलं, की माझ्या नवऱ्याला वाहत्या पाण्याचे फोटो काढायचं वेड आहे. पावसाळ्यात धबधब्यापुढे उभं राहून सगळेच फोटो काढतात. त्याला ते नको असायचं. "पावसाळ्यातलं पाणी चहासारखं असतं," तो म्हणायचा. "गढूळ, आणि भोवती सगळी जत्रा. पाणी बघावं तर फाल्गुन-चैत्रात. धार बारीक असते, पण काचेसारखी. वर पळस फुललेला, कुसुंबाला तांबडी पालवी. तेव्हाचं पाणी वेगळंच."

असेलही. पण आम्ही राहत होतो छत्रपती संभाजीनगरात, तेव्हा औरंगाबाद म्हणायचो, आणि ती ओळीनं दुष्काळाची वर्षं होती. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे पाणी वाहत नसे. टँकरनं येत असे.

आमचा फ्लॅट मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे, ज्वारीची शेतं मोडून उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये होता. मी शिकायला आत्याकडे मुकुंदवाडीत राहायचे तेव्हा त्याच शेतांतून हुरड्याचा वास यायचा. आता तिथं बिल्डरचा मोठा फलक होता, त्यावर हिरवी झाडं आणि निळं कारंजं काढलेलं, आणि फलकाखाली बाया टँकरची वाट बघत बसायच्या. इमारतीची बोअर पहिल्याच उन्हाळ्यात आटली. महापालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्याचीही वेळ ठरलेली नाही. त्या दिवशी मी शाळेतून लवकर निघायची. मी एका खाजगी शाळेत शिकवते. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचा. रविवारी सकाळी कॅमेरा, भिंगावर लावायची काळी काच आणि स्टँड घेऊन तो बाहेर पडायचा. गंगापूरकडे कालव्याला पाणी सोडलंय असं कळलं की तिकडे. कालवा कोरडा असला की रिकाम्या हातानं परत.

एकदा मी त्याच्याबरोबर होते. शहराला येणारी मोठी पाइपलाइन एका ठिकाणी गळत होती, पाणी वर उडून खाली दगडांवर पडत होतं. त्यानं गाडी थांबवली, स्टँड लावला. तिथं घागरी घेऊन बाया होत्या. त्यातली एक म्हणाली, "दादा, फोटो नंतर काढा, जरा सरका. आमची घागर भरू द्या." तो लगेच सरकला, माफी मागितली. मी मात्र गाडीजवळ उभी होते ती तिथंच ओढणी सारखी करत राहिले. माझ्या अंगावर इस्त्रीचा ड्रेस होता. त्या बायांपैकी एक माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसती बघत होती. घरी येताना तो म्हणाला, "तसाही चांगला आला नसता. मागे भिंत येत होती."

तो वाईट माणूस नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. तो लहानपणी नळाच्या रांगेत वाढलेला. त्याच्या वडिलांचे वडीलच मेंढरं सोडून शहरात आले होते; घरात कळप कुणी पाहिलेला नव्हता. माझं माहेर अजून त्या धंद्यात होतं. माझ्या सासूबाई दिराकडे राहायच्या, पण आल्या की कुणासमोरही हसत म्हणायच्या, "आमच्या सुनेच्या माहेरी माणसांपेक्षा मेंढरं जास्त. आंघोळीला पाणी असतं की नाही देव जाणे." त्यांच्या मनात खोट नसेल. पण मला ते लागायचं. म्हणूनच एका रविवारी, तो कालव्यावरून हात हलवत परत आला तेव्हा, मी म्हणाले, "आमच्याकडे झरा आहे. तो कधी आटत नाही."

तो बूट काढता काढता थांबला. "वाहता?"

"कपारीतून पडतो. पुरुषभर उंचीवरून. खाली डोह आहे."

"आणि आजवर बोलली नाहीस?"

त्याच्या डोळ्यांतला आनंद बघून मला फार बरं वाटलं. माझ्या माहेरी त्याला हवं असलेलं काहीतरी होतं.

आमची वस्ती अजिंठ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. त्या वर्षी पाऊस जेमतेम झाला होता. माझा भाऊ मोठा कळप घेऊन दिवाळीनंतरच गोदावरीच्या बाजूला उतरला होता, तिकडे चाऱ्याला उसाचं वाढं मिळायचं. मागे राहिले म्हातारे, लेकुरवाळ्या बाया आणि ज्यांची मेंढरं थोडी आहेत असे चार-दोन घरचे. या सगळ्यांचं पाणी म्हणजे तो झरा. पहाटे बाया धारेखाली घागरी भरायच्या. त्यानंतर जनावरं. धार एवढी बारीक झाली होती की सगळे कळप एकदम आले तर डोहात चिखल होऊन कुणालाच प्यायला मिळालं नसतं. म्हणून पाळ्या लावल्या होत्या, आणि त्या सांगायचं काम माझ्या वडिलांकडे होतं.

कुणी त्यांना नेमलं नव्हतं. ते घळीच्या तोंडाशी एका दगडावर बसायचे आणि आज कुणी आधी, कुणी नंतर, एवढं सांगायचे. लोक ऐकायचे, कारण त्यांची स्वतःची मेंढरं ते नेहमी शेवटी न्यायचे. लहानपणी मी यावरून रडले होते. आमचं एक कोकरू होतं, माझं लाडकं. ते तहानेनं ओरडत होतं आणि आबा दुसऱ्यांची जनावरं पुढे सोडत होते. "आपलं मागनं," एवढंच ते म्हणाले होते.

होळी होऊन गेली आणि आम्ही निघालो. एसटीनं अजिंठ्यापर्यंत, तिथून जीपनं. जावई लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला येणार म्हणून मायनं अंगण सारवलं होतं. सारवायलाही पाणी लागतं, हे माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. संध्याकाळी तिनं चुलीवर मोठं पातेलं तापवलं आणि बादली काठोकाठ भरून जावयाच्या आंघोळीला ठेवली. नवरा म्हणाला, "अरे वा, इथं शहरापेक्षा चैन आहे." त्यानं दोन तांबे पाणी पायांवरच ओतलं. वहिनी पडवीत उभी राहून ते पाणी दगडांतून वाहत जाताना बघत होती. घळीपासून घर बरंच वर आहे, आणि घागरी तिनंच आणल्या होत्या. रात्री मी तिला म्हणाले, "मी उद्या आंघोळ नाही करत, माझं डोकं दुखतंय." ती हसली. "पाव्हणे गेल्यावर दुखू द्या डोकं. माय मला बोलंल."

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच झऱ्यावर गेला. बाया पाणी भरत होत्या. त्या तोंडावर पदर ओढून बाजूला सरायला लागल्या, तर त्यानंच त्यांना थांबवलं, "भरून घ्या, मला घाई नाही." मला त्याचा अभिमान वाटला. पण त्या वेळी घळीत अंधारच होता. संध्याकाळी पुन्हा गेला, तेव्हा ऊन केव्हाच डोंगराआड गेलेलं. मधल्या वेळात त्यानं हेरलं, की सूर्य चांगला वर आला की उन्हाची एक तिरीप उंबराच्या फांदीखालून कपारीत शिरते आणि नेमकी धारेवर पडते. थोडाच वेळ. मग ती खडकावर सरकते.

"तेव्हाच काढायचा," तो मला म्हणाला. "पण तेव्हा ही मेंढरं असतात. डोह ढवळलेला, दगडांवर लेंड्या, पाणी हलतंय. शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं तर भोवतीचं सगळं निश्चल पाहिजे. पाणी तेवढं वाहिलं पाहिजे, म्हणजे ते दुधासारखं दिसतं. आबांना सांग ना, उद्या जरा वेळ थांबवतील का?"

"तसं नाही सांगता येणार," मी म्हणाले. "पाळ्या असतात."

"अगं, घटकाभर. फक्त ऊन असेपर्यंत."

"नको."

त्यानं मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला. पण रात्री जेवताना त्यानं स्वतःच विचारलं, आणि फार आदरानं विचारलं. "मामा, तुम्हाला त्रास होणार नसेल तर..." आबा भाकरी मोडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय की पाव्हणं, त्यात काय एवढं! मेंढरं काय, थांबत्यात घडीभर. तुमी बिनघोर काढा." मायनं जावयाच्या ताटात तूप वाढलं. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. पण आबांनी जावयाला शब्द दिला होता, आणि तो शब्द त्यांच्या पोरीनं सगळ्यांदेखत खाली पाडायचा, हे मला सुचलंही नाही. खरं सांगायचं तर थोडं सुखही वाटलं. माझ्या बापाकडे द्यायला काहीतरी होतं.

सकाळी नवरा खाली डोहाशी स्टँड लावून बसला. आबा घळीच्या तोंडाशी उभे राहिले, नेहमीसारखे बसले नाहीत. मी त्यांच्या शेजारी. पहिली पाळी पलीकडच्या वस्तीवरच्या मावशीची होती. ती मायच्या ओळखीची म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. नवरा वारलेला, एक लेक लग्नाची, आणि कळप लहानसा. ती मेंढरं घेऊन आली आणि आबांना काठी आडवी धरून उभं राहिलेलं बघून थबकली.

"काय झालं दादा? पाणी आटलं का काय?"

"नाय, नाय. जरा थांब. पाव्हणं खाली हायत. फोटू काढायलेत."

"कुणाचा?"

"पाण्याचा."

"पाण्याचा?" ती तोंडाला पदर लावून हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काढू द्या की. जावई हायत. थांबते मी."

ती सावलीला बसली. मला विचारलं, शहरात कशी आहेस, घर केवढं आहे, पाणी येतं का. मी सांगत होते. तोवर मेंढरांना पाण्याचा वास लागला. मेंढरू एरवी गरीब, पण पाण्याचा वास आला की ते ऐकत नाही. पुढची मागच्यांना रेटत आली, मागची त्यांच्या पाठीवर चढायला लागली. सगळी एका सुरात ओरडत होती. आबांनी मला म्हटलं, "बघून ये, झालं का."

मी खाली गेले. नवरा कॅमेऱ्यामागे वाकलेला, कपाळावर घाम. "आत्ता कुठं ऊन कपारीत उतरतंय," तो कुजबुजला, जणू आवाजानं पाणी हललं असतं. "थोडंच."

मी वर येऊन म्हणाले, "थोडंच राहिलंय."

तोवर मागून दुसरा कळप आला. तो वस्तीवरचा एक तरणा गडी होता, माझ्या भावाच्या बरोबरीचा. त्याला आबांनी थांब म्हटलं. तो थांबला, पण मेंढरं थांबेनात. दोन्ही कळप एकमेकांत मिसळायला लागले. ऊन चांगलंच तापलं होतं. तो म्हणाला, "आबा, आज पाळी कुणाची हाय? आता पाळी जावयाची व्हय?"

आबांनी काठी आणखी घट्ट धरली. त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी परत खाली गेले. खाली गार होतं. धारेवर ऊन पडलं होतं आणि खरंच, ते फार सुंदर दिसत होतं. एवढीशी धार, पण आरपार उजळलेली. नवऱ्यानं मला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक फोटो दाखवला. "बघ, तुझा झरा." मी बघत राहिले. मी म्हणायला हवं होतं, पुरे करा, वर जनावरं तहानेनं मरायला लागलीत. मी म्हणाले, "छान आलाय." त्यानं पुन्हा शटर उघडलं, आणि मी वर जाऊन तेच सांगितलं, जे आधी सांगितलं होतं.

आबांनी दोन्ही हात पसरले होते, काठी आडवी. माझ्या बापाला मी तसं उभं कधी पाहिलं नव्हतं. ते तिथं असायचे ते जनावरांना पाण्यावर सोडायला, अडवायला नाही. मग पुढच्या मेंढ्यांनी वाट सोडली. वाटेच्या डाव्या बाजूला मुरमाची घसरण आहे, तिच्यावरून त्या थेट खाली सुटल्या. एकीच्या मागून एक, सगळ्या. दगड निसटले, धुरळा उठला. मावशीची सगळ्यात पुढं चालणारी मेंढी घसरणीच्या मध्यावर कोलमडली. बाकीच्या तिच्यावरून गेल्या.

आम्ही तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा ती बसूनच होती, पुढचा पाय नको तसा वळलेला. मावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. हात तिच्या कपाळावरून फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादा, मी तुमच्या शब्दाला थांबले."

आबा म्हणाले, "सांजच्याला माझ्या कळपात ये. आवडंल ती मेंढी घेऊन जा."

"मेंढीचं नाय म्हणत मी."

"कळलं," आबा म्हणाले.

खाली डोहात दोन्ही कळप तोंडं खुपसून पीत होते. नवऱ्यानं मेंढरं येताना बघून स्टँड उचलला होता आणि तो पलीकडच्या कातळावर चढला होता. मध्ये मोठा खडक असल्यामुळे आम्ही त्याला दिसत नव्हतो. तो आनंदानं ओरडून म्हणाला, "बरं झालं, आत्ताच झालं माझं!" आबांनी मला हळूच सांगितलं, "पाव्हण्यास्नी काय बोलू नगं. लांबनं आलेत."

ती मेंढी काही वाचणारी नव्हती. दुपारी ती कापली, आणि घरात जावई होता म्हणून तिचंच मटण रांधलं. संध्याकाळी नवरा पाटावर बसला. वहिनीनं रस्सा वाढला. तो पोटभर जेवला. "मामा, असं मटण आमच्याकडे मिळतच नाही," तो म्हणाला. "तुम्ही का नाही बसला?"

"आज माझा वार हाय," आबा दारातून म्हणाले. त्यांचा वार सोमवार. तो दिवस रविवार होता. नवऱ्याला ते कुठून माहीत असणार! मी घास तोंडात घेतला आणि तो किती तरी वेळ तसाच राहिला. थोड्या वेळानं मागच्या वाडग्यात, मेंढरं कोंडायच्या कुंपणात, मावशी आली. आबांनी पुढं केलेल्या मेंढ्यांतून तिनं सगळ्यात म्हातारी निवडली. आबा म्हणाले, दुसरी घे. ती ऐकेना. दावं धरून निघून गेली.

दुसऱ्या सकाळी आबा घळीकडे गेलेच नाहीत. अंगणात वळकटीवर बसून राहिले. मी मायला विचारलं. ती म्हणाली, "म्हणत्यात, मी आता कोणत्या तोंडानं पाळी सांगू." जीप आली तेव्हा मात्र ते उठले, जावयाला टोपी-उपरणं दिलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. माझी मान वर झाली नाही.

पुढचं सगळं वहिनी भावाला कळवायची, आणि मला ते भावाकडून फोनवर कळत गेलं. पाळ्या मोडल्या. ज्याचा कळप दांडगा तो आधी घुसायचा. बायांच्या घागरी फुटल्या, भांडणं झाली. एकदा लोक आबांकडे आले, म्हणाले, चला, बसा तिथं. ते गेले नाहीत. मावशीनं कळप आणि लेक घेऊन वस्ती सोडली आणि खाली गोदावरीच्या अंगाला गेली. तो उन्हाळा वस्तीनं कसा काढला ते मी कधी नीट विचारलं नाही. भाऊ सांगायला लागला की मी विषय बदलायची.

आणि आमच्याकडे तो फोटो गाजला. शहरात एक प्रदर्शन होतं, तिथं त्याला पहिला नंबर मिळाला. मोठा करून, चौकटीत घालून तो हॉलच्या भिंतीवर आला. आलेला प्रत्येक माणूस त्याच्यापुढे उभा राहायचा. "हे मराठवाड्यात? खोटं सांगता!" फोटोत ती एवढीशी धार रुंद, पांढरीशुभ्र झाली होती, डोहावर धुक्यासारखं काहीतरी होतं, उंबराची फांदी हिरवीगार. सासूबाई शेजारणींना घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या सुनेच्या माहेरचा धबधबा." ज्या वाक्यासाठी मी झऱ्याचं नाव काढलं होतं ते मला मिळालं होतं. मी आत जाऊन चहा टाकायची, आणि कपबशा उगाच पुन्हा पुसत बसायची.

पुढच्या वर्षी आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. पट्टी सुटली तेव्हा ते हॉलमध्ये बसायला लागले, पण खुर्ची अशी ओढून घ्यायचे की भिंतीकडे पाठ व्हावी. मला वाटायचं, उजेडासाठी. एका संध्याकाळी नवऱ्याचे दोन मित्र आले. एकानं फोटोकडे बोट करून विचारलं, "बाबा, हा तुमच्याच गावचा ना?"

आबांनी वळून पाहिलं. चष्मा सारखा केला. "नाय बा," ते म्हणाले. "आमच्याकडं एवढं पाणी कुठलं!"

सगळे हसले. नवरा म्हणाला, "मामा, अहो तुमचाच झरा!"

"आसंल मग," आबा म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसले.

मित्र गेले, आबा पाय मोकळे करायला गच्चीवर गेले. मी स्वयंपाकघरात नवऱ्याला सगळं सांगितलं. काठी, दोन कळप, घसरण, मेंढी. तो ओट्याला टेकून उभा होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे त्या रात्री मी जे जेवलो..."

"हो."

तो खाली बसला. नंतर म्हणाला, "तू वर-खाली करत होतीस. एकदा तरी म्हणायचंस."

"तुम्ही एकदा तरी वर येऊन बघायचं होतं," मी म्हणाले. म्हणाले खरं, पण त्यात दम नव्हता. तो कोण होता त्या मेंढरांचा? मला त्यांचं ओरडणं कळत होतं.

त्यानं उठून फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला वाटलं, सांगून टाकलं, आता मन हलकं होईल. सकाळी आबा हॉलमध्ये आले. रिकाम्या भिंतीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. नवरा कामाला गेला होता.

"सांगितलंस व्हय?"

मी मान डोलावली.

"कशापायी? मी झाकलं व्हतं. तू उघडं केलंस." आबा मला आयुष्यात कधी रागावले नव्हते. "त्या पोराला ठावं नव्हतं. त्यो हसत यायचा आपल्याकडं. आता येताना खाली मान घालून येईल. चूक माझी व्हती, शब्द मी दिला. तुला कुणी मधी पडाय सांगितलं?"

ते त्याच दिवशी जातो म्हणाले. डोळ्यात अजून औषध घालायचं होतं, म्हणून कसेबसे थांबले, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. औषध नवऱ्याच्या हातून घालून घ्यायचे. आणि नवरा खरंच मान खाली घालूनच घालायचा. मी दारात उभी राहून ते बघायची. मला वाटायचं, तेव्हा गप्प बसले तेही चुकलं आणि आता बोलले तेही.

नंतर दोन पावसाळे चांगले झाले. भावानं मेंढरं कमी केली, वस्तीवर नळाची टाकी आली. नवऱ्यानं कॅमेरा विकला नाही, पण रविवारी तो गाडी काढून जायचा बंद झाला. माहेरी आम्ही सणावाराला जायचो, उभ्या उभ्या. झऱ्याकडे तोही गेला नाही, मीही नाही.

मग एके दिवशी आबांचा फोन आला. मला नाही, त्याला. मावशी परत आली होती, तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. "पाव्हणं, फोटूवाला मिळंना," आबा म्हणाले. फोन मोठ्यानं लावलेला होता, मला ऐकू येत होतं. "तुमी येताल का?" थोडं थांबून म्हणाले, "तिनंच विचारलंय." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो मामा."

माझ्या शाळेत तेव्हा परीक्षा होत्या. रजा मिळाली असती. मी मागितली नाही. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही जाऊन या. त्यानं आग्रह केला नाही, पण निघताना दारात जरा रेंगाळला.

तो परत आला ते उन्हानं काळवंडून. आधी जेवला, मग सांगायला बसला. आबा त्याला थेट मावशीच्या दारात घेऊन गेले होते. त्यानं बोलायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. आधी हळदीचे काढा, ऊन चाललंय." दिवसभर त्यानं फोटो काढले. पंगतीत आबा त्याच्या शेजारी बसले. निघताना आबांनी त्याला पुन्हा विचारलं, "पुढच्या वर्षाला येताल नव्हं?" त्यानं मला कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. नवरी, तिच्या हातावरची हळद, चुलीपाशी बसलेल्या बाया. एका फोटोत मावशी आणि आबा मांडवाच्या खांबाला टेकून काहीतरी बोलत होते. आबा हसत होते. मी तो मोठा करून बघितला. ते खरंच हसत होते.

मग त्यानं पिशवीतून एक साडी काढली. जांभळी, सुती, बारीक काठाची. मावशीनं माझ्यासाठी आहेर पाठवला होता.

"काही म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, पोरगी आली नाय व्हय. बस, एवढंच."

त्या साडीची घडी मी बरेच दिवस मोडली नाही. मग एका सोमवारी नेसून शाळेत गेले. स्टाफरूममध्ये एक बाई काठ हातात घेऊन म्हणाल्या, "छान आहे. माहेरची का?"

"हो," मी म्हणाले, आणि तास सुरू व्हायला वेळ होता तरी वर्गावर निघून गेले.